दोन सह्या, एक बंद व्हॉल्व्ह: अणुवीज केंद्रात माणूस कुठे चुकेल हे आधी कसं ओळखतात?

रबाळे एमआयडीसीतल्या एका केमिकल कारखान्यात मी अकरा वर्षं पॅनेलवर शिफ्ट केली. त्यातली एक रात्रपाळी अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. जुलै महिना, बाहेर धो धो पाऊस, पहाटेचे तीन वाजून गेलेले. थंड पाण्याचा चालू पंप अचानक ट्रिप झाला. अशा वेळी शेजारचा स्टँडबाय पंप आपोआप सुरू व्हायला हवा, आणि तो झालाही. पॅनेलवर हिरवा दिवा लागला. पण रिॲक्टरचं तापमान उतरायचं नाव घेईना. मी एकदा दिव्याकडे बघायचो, एकदा तापमानाकडे. पंप चालू आहे म्हणजे पाणी जातंय, तेव्हा तापमानाचं मीटरच बिघडलं असणार, असं मला तीन-चार मिनिटं अगदी मनापासून वाटत होतं. शेवटी फील्डवरच्या काकांना वॉकीटॉकीवर सांगितलं, जरा पंपापाशी जाऊन बघा. ते टॉर्च घेऊन गेले आणि तिथूनच ओरडले, "अरं, सक्शन बंद हाय याचा!"

पंपात पाणी येण्याचा व्हॉल्व्हच बंद होता. दोन दिवसांपूर्वी त्या पंपाचं सील बदललं, तेव्हा तो बंद केला होता आणि काम झाल्यावर उघडायचा राहून गेला. चेकलिस्टवर मात्र 'उघडला' या रकान्यापुढे दोन सह्या होत्या. पहिली सही काकांचीच. काका घणसोली गावातले, पंचवीस वर्षं त्याच प्लांटमध्ये काढलेले. झोपेतून उठवून विचारलं तरी व्हॉल्व्हचे नंबर सांगतील असा माणूस.

कुणाला इजा झाली नाही, बॅच तेवढी फेकावी लागली. चौकशी अहवालात 'कारण' या शब्दापुढे दोनच शब्द आले: मानवी चूक. काकांना ताकीदपत्र मिळालं आणि फाइल बंद झाली.

त्या दोन शब्दांचा मला आजही राग येतो. पंप बिघडला असता तर आम्ही बेअरिंग खोलून बघितलं असतं, तेल तपासलं असतं, किती तास चालला ते काढलं असतं. माणूस चुकला म्हटल्यावर मात्र खोलून बघायची गरज कुणाला वाटत नाही. माणसाची चूकही यंत्रासारखी खोलून बघता येते का, तिचा अंदाज आधी बांधता येतो का, याचं उत्तर मी बरीच वर्षं शोधत होतो. त्यावर सगळ्यात जास्त डोकं कुणी चालवलं असेल, तर अणुवीज केंद्रवाल्यांनी.

ठाणे-नवी मुंबईकरांना हा विषय काही परका नाही. वाशीच्या खाडीपुलावरून जाताना समोर ट्रॉम्बेचा डोंगर दिसतो, त्याच्या कुशीत भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. १९६९ पासून वीज देणारं तारापूरचं अणुवीज केंद्र २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत आपल्या ठाणे जिल्ह्यातच होतं.

आता मूळ गोष्ट. अणुवीज केंद्र सुरक्षित आहे का, याचा हिशोब करताना इंजिनिअर एक मोठं झाड काढतात. हा पंप बंद पडला तर पुढे काय, तो व्हॉल्व्ह अडकला तर काय, डिझेल जनरेटर सुरू झाला नाही तर काय. प्रत्येक फांदीवर एक आकडा असतो: ही गोष्ट हजारात किती वेळा घडेल. अमेरिकेत नॉर्मन रासमुसेन यांच्या नेतृत्वाखाली १९७५ साली असा पहिला मोठा अभ्यास झाला. तो करतानाच एक अडचण समोर आली. झाडाच्या कित्येक फांद्यांवर पंप नाही, व्हॉल्व्ह नाही, माणूस उभा आहे. 'ऑपरेटरने दहा मिनिटांत अमुक व्हॉल्व्ह उघडायचा.' मग तो उघडणार नाही याची शक्यता किती? पंपाचा आकडा जुन्या नोंदींवरून काढता येतो. माणसाचा कुठून आणायचा?

तो आकडा काढण्याच्या शास्त्राला ह्यूमन रिलायबिलिटी ॲनालिसिस म्हणतात, म्हणजे ठरावीक परिस्थितीत माणसावर किती भरवसा ठेवता येईल याचा हिशोब. आज त्याच्या पद्धती डझनांनी आहेत. सगळ्यांची पणजी म्हणावी अशी पद्धत म्हणजे थर्प. अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेतल्या ॲलन स्वेन आणि हेन्री गटमन यांनी ती रचली आणि १९८३ साली तिचं जाडजूड हँडबुक निघालं. कामाचे बारीक तुकडे पाडायचे: मीटर वाचणं, बटण निवडणं, चेकलिस्टची ओळ न गाळणं. प्रत्येक तुकड्याचा आकडा तक्त्यातून घ्यायचा, ताण किंवा अनुभवाप्रमाणे वाढवायचा-कमी करायचा आणि शेवटी जोडायचा.

थर्पमधला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा भाग दोन सह्यांबद्दल आहे. समजा, एक माणूस व्हॉल्व्ह तपासताना शंभरात एकदा चुकतो. दुसराही शंभरात एकदा. मग दोघंही एकाच वेळी चुकण्याची शक्यता दहा हजारांत एक, असं शाळेतलं गणित सांगतं. कागदावर दुसरी सही वाढवली की आपण निर्धास्त होतो, ते याच गणिताच्या जोरावर. पण हे गणित खरं ठरायला एक अट आहे: दुसऱ्याने पहिल्याकडे न बघता तपासलं पाहिजे. दोघं एकाच टपरीवर चहा पितात, दुसऱ्याचा पहिल्यावर पंचवीस वर्षांचा विश्वास आहे, आणि कागद हातात येतो तो पहिल्याची सही होऊनच. थर्पमध्ये या अवलंबित्वाच्या पाच पायऱ्या आहेत. अवलंबित्व अगदी थोडं असलं, तरी पहिला चुकल्यावर दुसऱ्याची चूक शंभरात एक राहत नाही, सहा होते. मध्यम असेल तर पंधरा. जास्त असेल तर पन्नास. म्हणजे दहा हजारांत एकदा होईल असं ज्याला आपण म्हणत होतो, ते दोनशेत एकदा होणार. पाचवी पायरी पूर्ण अवलंबित्वाची. तिथे दुसरी सही असून नसल्यासारखीच.

आमच्या कागदावरची दुसरी सही कुठल्या पायरीवर होती, ते मी आता सांगू शकतो. शिफ्ट इंचार्जने ती केबिनमध्ये बसून केली होती.

हे फक्त छोट्या कारखान्यांत होतं असं समजू नका. २८ मार्च १९७९, पहाटेचे चार. अमेरिकेतल्या थ्री माईल आयलंड केंद्रात मुख्य पाणीपुरवठ्याचे पंप थांबले आणि आपत्कालीन पंप आपोआप सुरू झाले. पण त्यांचं पाणी पुढे जायच्या वाटेवरचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद होते. दोन दिवस आधीच्या चाचणीत बंद केलेले, तसेच राहिलेले. एक राहिला आणि योगायोगाने दुसराही राहिला, असं ते नव्हतं. ज्या कामात एक राहतो, त्याच कामात दुसराही राहतो. पॅनेलवर त्यांचे दिवे होते, पण एका दिव्यावर मेंटेनन्सचा टॅग लोंबत होता. आठ मिनिटांनी ते कुणाच्या तरी लक्षात आलं.

त्याहून मोठा घोळ वेगळाच होता. जास्तीचा दाब सोडून देणारा व्हॉल्व्ह उघडला आणि उघडाच अडकला. पॅनेलवरचा दिवा मात्र 'बंद' सांगत होता, कारण तो दिवा व्हॉल्व्ह कुठे आहे हे दाखवतच नव्हता, बंद होण्याचा विद्युत आदेश गेला एवढंच दाखवत होता. त्या व्हॉल्व्हच्या पुढचा पाइप तापलेला दिसत होता. पण तो व्हॉल्व्ह आधीपासूनच थोडा गळत असल्यामुळे त्या तापमानाचं कुणाला विशेष वाटलं नाही. पहिल्या काही मिनिटांत शंभराहून जास्त अलार्म वाजले. दाब नियंत्रित करणारं भांडं काठोकाठ भरत चाललंय असं मीटर दाखवत होतं, आणि ते पूर्ण भरू द्यायचं नाही हे प्रशिक्षणात ऑपरेटरांच्या मनावर बिंबवलेलं होतं. म्हणून त्यांनी आपत्कालीन थंड पाणी कमी केलं. खरं तर अणुभट्टीतलं पाणी वाफ होऊन त्या उघड्या व्हॉल्व्हवाटे निघून चाललं होतं. सव्वादोन तासांहून जास्त वेळ गेला, तेव्हा कुठे तो मार्ग बंद झाला. तोवर अणुइंधनाच्या गाभ्यावरचं पाणी बरंच कमी झालं होतं. जवळजवळ निम्मा गाभा वितळला.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. हिरवा दिवा, खरं सांगणारं तापमान, आणि दिव्यावर विश्वास ठेवणारा माणूस. तिथे मी बसलो असतो, तर मीही तेच केलं असतं.

इथे थर्पसारख्या पहिल्या पिढीच्या पद्धतींची मर्यादा दिसते. 'करायचं राहून गेलं' अशी चूक त्या चांगली पकडतात. पण 'हेच बरोबर' असं समजून, शिकवल्याप्रमाणे, ठामपणे चुकीचं पाऊल उचलणारा ऑपरेटर तक्त्यात सापडत नाही. म्हणून पुढच्या पिढीच्या पद्धती आल्या. अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने तयार करवलेली अथीना ही पद्धत आधी माणसाची चूक शोधत नाही. माणसाला चुकीच्या वाटेवर ढकलेल अशी परिस्थिती कोणती, ते ती आधी शोधते: कुठला दिवा खोटं बोलेल, कुठली जुनी सवय आड येईल. मला ही दिशा पटते. पण ती वेळखाऊ आहे, आणि आकडा शेवटी जाणकारांनी एकत्र बसून ठरवावा लागतो.

दुसऱ्या टोकाला झटपट पद्धती आहेत. ब्रिटनमध्ये १९८०च्या दशकात जेरी विल्यम्स यांनी मांडलेली हार्ट त्यातली एक. तिचं गणित करून बघण्यासारखं आहे, म्हणून आमच्याच व्हॉल्व्हवर करू. लेखी पद्धतीनुसार, थोड्याफार तपासणीसह, एखादी यंत्रणा पुन्हा मूळ स्थितीत आणणं, या कामाचा हार्टमधला मूळ आकडा आहे ०.००३, म्हणजे हजारात तीन. मग परिस्थितीचे गुणक. चूक लक्षात येऊन सुधारायला वेळ अपुरा असेल तर जास्तीत जास्त ११ पट. स्वतंत्र तपासणी नसेल तर जास्तीत जास्त ३ पट. जास्तीत जास्त म्हणायचं कारण, तो अडथळा कितपत लागू आहे हे विश्लेषकाने शून्य ते एकच्या मोजपट्टीवर ठरवायचं असतं.

मी म्हणालो, शिफ्ट संपत आली होती, वेळेची अडचण ०.४. तर ११ मधून १ वजा करून १०, त्याला ०.४ ने गुणून ४, त्यात १ मिळवून ५. तपासणीची अडचण ०.५ धरली, त्याचे झाले २. उत्तर: ०.००३ गुणिले ५ गुणिले २, म्हणजे शंभरात ३. माझ्या एका सहकाऱ्याने तीच गोष्ट बघून वेळेला ०.८ दिले आणि तपासणी नव्हतीच म्हणून पूर्ण १. त्याचं उत्तर शंभरात ८. आणि ज्याला चेकलिस्टवर दोन सह्या दिसल्या, घाई दिसलीच नाही, त्याचं उत्तर हजारात ३ वरच राहिलं. व्हॉल्व्ह तोच, पद्धत तीच, आणि उत्तरांत २७ पटींचा फरक.

यातूनच खरा प्रश्न उभा राहतो. ज्या पद्धतींनी आपण माणसाला मापतो, त्या पद्धतींचं माप कोण घेणार?

१९८०च्या दशकात युरोपियन आयोगाच्या इटलीतल्या इस्प्रा इथल्या संशोधन केंद्राने निरनिराळ्या देशांतल्या गटांना एकच उदाहरण सोडवायला दिलं. उत्तरांत कित्येक पटींची तफावत निघाली, एकच पद्धत वापरणाऱ्या गटांमध्येसुद्धा. पण ते सगळे कागदावरचे अंदाज होते. कुणाचा अंदाज खरा, हे ताडून बघायला खरे ऑपरेटर त्यात नव्हते.

ते काम नॉर्वेतल्या हाल्डन गावी झालं, आणि या सगळ्या विषयात मला ते सर्वांत प्रामाणिक काम वाटतं. तिथल्या प्रयोगशाळेत अणुवीज केंद्राच्या कंट्रोल रूमचा सिम्युलेटर आहे. परवानाधारक ऑपरेटरांच्या १४ चमूंना त्यावर बसवलं आणि ठरवून बिघाड दिले. दुसरीकडे निरनिराळ्या पद्धती वापरणारे १३ विश्लेषक गट होते. त्यांना प्रसंगांची माहिती दिली, पण निकाल दाखवला नाही. कुठल्या टप्प्यावर चमू अडतील, का अडतील आणि त्याची शक्यता किती, हे त्यांनी लिहून द्यायचं. मग अंदाज आणि घडलेलं शेजारी शेजारी ठेवायचं.

त्यातला एक प्रसंग जरा जवळून बघू. ज्या प्रकारच्या केंद्राचा तो सिम्युलेटर होता, त्यात स्टीम जनरेटर नावाची उंच भांडी असतात. आत हजारो बारीक नळ्या. नळ्यांतून अणुभट्टीचं किरणोत्सारी पाणी फिरतं, बाहेरच्या स्वच्छ पाण्याची वाफ होते. एखादी नळी फुटली की किरणोत्सारी पाणी स्वच्छ बाजूला शिरतं. कोणत्या भांड्यात फुटली ते ओळखायचं आणि ते भांडं वेगळं पाडायचं, हे ऑपरेटरचं काम. सोप्या प्रसंगात वाफेच्या बाजूचा किरणोत्साराचा अलार्म वाजतो, आणि चमूंना त्यावरून नळी फुटल्याचं झटकन कळलं. अवघड प्रसंगात आधी एक मोठी वाफेची वाहिनी फोडली. त्यामुळे वाफेच्या वाहिन्या आपोआप बंद झाल्या आणि ओळखीचा अलार्म वाजलाच नाही. आता खूण उरली एकच, एका भांड्यातली पाण्याची पातळी शेजारच्यांपेक्षा वेगळी वागत होती. प्रशिक्षण तेच, सूचनांची पुस्तकं तीच, माणसंही तीच. तरी ठरलेल्या वेळेत काम पूर्ण करणारे चमू निम्मेच निघाले.

काही गटांनी अवघड प्रसंग अवघड आहे हे बरोबर ओळखलं. पण का अवघड, चमू नेमके कुठल्या ओळीवर घुटमळतील, हे फार थोड्यांना नीट सांगता आलं. कुणाचा आकडा बरोबर आला पण कारण चुकलं, कुणाचं कारण बरोबर पण आकडा भलताच. शिवाय चमू-चमूंत किती फरक पडतो, हे कुठलीच पद्धत धड पकडत नव्हती. एक चमू पुस्तकातल्या पायऱ्या काटेकोर धरून जातो, दुसऱ्यात शिफ्ट सुपरवायझर दोन मिनिटं सगळ्यांना थांबवून 'आपल्याला काय दिसतंय' असं विचारतो.

इथे एक शंका कुणालाही यावी. १४ चमूंवरून हजारातल्या एका चुकीचा आकडा कसा तपासणार? रास्त शंका आहे. तुम्ही चौदा दिवस ठाणे-वाशी लोकलने गेलात आणि एकदाही गाडी रद्द झाली नाही, तर ती शंभरात एकदा रद्द होते की हजारात एकदा, हे तुम्ही सांगू शकत नाही. चौदापैकी शून्य या नोंदीवरून फार तर इतकं म्हणता येतं, की शक्यता पाचात एकपेक्षा बहुधा जास्त नसावी. म्हणून हाल्डनमध्ये निव्वळ आकडे जुळतात का यावर भिस्त ठेवली नाही. सोप्यापासून अवघडापर्यंतचा क्रम बरोबर लागला का, आणि चूक होण्याची सांगितलेली कारणं खरोखर दिसली का, यांना मोठं वजन दिलं. मला ही मोजणीची रीत योग्य वाटते. ज्या पद्धतीने आकडा बरोबर दिला पण कारण चुकीचं सांगितलं, तिच्या भरवशावर मी माझा प्लांट सुधारायला जाणार नाही.

नंतर अमेरिकेत अशीच चाचणी एका केंद्राच्या सिम्युलेटरवर झाली. या वेळी एकच पद्धत दोन-तीन गटांना मुद्दाम स्वतंत्रपणे वापरायला दिली, म्हणजे दोष पद्धतीचा की वापरणाऱ्याचा ते कळावं. दोन्हींचा निघाला. फॉर्म भरायला एकच असला तरी भरण्याआधी ऑपरेटरच्या कामाचा कुणी किती खोलवर विचार केला, यावर उत्तर बदलत होतं. स्पार-एचसारख्या पद्धतीत निदान करण्याचा मूळ आकडा शंभरात एक, कृतीचा हजारात एक आणि मग आठ घटक: वेळ, ताण, गुंतागुंत, अनुभव वगैरे. भरायला सोपी, म्हणूनच खूप वापरात. पण 'ताण: जास्त' असा रकाना भरताना त्या माणसाच्या खुर्चीत बसून बघितलं की नाही, हे तो रकाना विचारत नाही. या दोन अभ्यासांनी कुठल्याही एका पद्धतीच्या गळ्यात माळ घातली नाही.

माझं मत विचाराल तर आकडा हवाच. आकड्याशिवाय पैसे कुठे खर्च करायचे ते ठरत नाही. दहा ठिकाणी माणूस चुकू शकतो, त्यातलं कुठलं आधी सुधारायचं? पण दशांश चिन्हापुढच्या तिसऱ्या अंकावर वाद घालणारी बैठक मला वाया गेलेली वाटते. मी ते विश्लेषण चांगलं म्हणेन, जे वाचून पॅनेलवरचा ऑपरेटर म्हणेल, 'हो, इथे मी फसलो असतो.'

आणखी एक गोष्ट या हिशोबात नेहमी कमी पडते. ३१ मार्च १९९३च्या पहाटे उत्तर प्रदेशातल्या नरोरा अणुवीज केंद्रात टर्बाइनची पाती तुटली, हायड्रोजनने पेट घेतला, केबल जळाल्या आणि केंद्रातली सगळी वीज गेली. धुरामुळे कंट्रोल रूम सोडावी लागली. १७ तास अंधार होता. त्या अंधारात ऑपरेटर बॅटरीचे टॉर्च घेऊन वर चढले आणि हाताने व्हॉल्व्ह उघडून बोरॉनचं द्रावण अणुभट्टीत सोडलं, म्हणजे साखळी प्रक्रिया पुन्हा सुरू होण्याची भीती राहिली नाही. माणूस किती वेळा चुकेल हे मोजणाऱ्या तक्त्यात, माणूस किती वेळा सावरेल याचा रकाना फार लहान असतो.

हल्ली मी ऐरोलीत तरुण ऑपरेटरांना शिकवतो. दर बॅचला त्या जुन्या चेकलिस्टची कोरी प्रत आणि पंपांचा फोटो देतो, आणि विचारतो: अनुभवी, प्रामाणिक माणसाने इथे खोटी सही केली नाही असं धरून चला. मग ही सही कशी झाली? मागच्या बॅचमधली एक मुलगी फोटो बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "सर, दोन पंप अगदी सारखे आहेत. यांचे नंबर कुठे आहेत?" फोटोत कुठेच दिसत नव्हते. "मग त्यांनी चालू पंपाचा व्हॉल्व्ह बघितला असेल. तो उघडाच असणार ना."

मला हे इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. त्या संध्याकाळी घणसोलीला फोन लावला. काका आता निवृत्त आहेत, नातवंडांत रमलेत. मी विचारलं तेव्हा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, नंबरची पाटी भिंतीकडच्या बाजूला होती, पावसात तिकडे जाता येत नव्हतं, त्यांनी जो व्हॉल्व्ह बघितला तो खरंच उघडा होता. मी म्हटलं, काका, हे चौकशीत का नाही सांगितलंत?

"मना कोनी इचारलाच नाय," ते म्हणाले.